मोरीत ओतलेले पाच कप

क्यूताह्या
१२ ऑक्टोबर १९७८

चि. नेझिहेस तुझ्या मुअल्ला आत्याचे अ. आ. आणि दोन्ही डोळ्यांचे पापे.

तुझी कॉफी पोचली. तुमच्या कारखान्यातला तो टकला गृहस्थ लोकरी मोज्यात लपवून घेऊन आला. सीमेवर कस्टमवाल्याने मोजा उचलून हुंगला म्हणे, आणि घाईघाईने खाली ठेवला. इथे अख्ख्या तुर्कस्तानात वर्षभर बाजारात कॉफीचा दाणा नाही. अख्खी गल्ली भाजलेले हरभरे दळून पिते आणि एकमेकींना सांगते की फरक कळतसुद्धा नाही. मला कळतो. हरभऱ्याला फेस येत नाही, आणि बिनफेसाचं पाणी मी पाहुण्यापुढे ठेवत नाही.

दाणे पाठवलेस, दळून पाठवली नाहीस, हे शहाणपण माझंच. पण तुमचे जर्मन लोक कॉफी भाजतात की नुसती शेकतात? तव्यावर घालून मी पुन्हा भाजली, सुपात वाऱ्यावर निववली, पितळी चक्कीतून दोनदा काढली, तेव्हा कुठे पिठासारखी झाली. शुक्रान म्हणते, आत्या, तू कॉफी करतेस की बाळंतपण? ही तुझी धाकटी बहीण फार बोलायला लागली आहे. भांडीवाल्यांच्या कारखान्यात दिवसभर कपांवर निळी फुलं काढते आणि घरी आली की जीभ मोकळी सोडते.

तिच्यासाठीच आज लिहायला बसले. तुझा दीर बेदरी नाताळच्या सुट्टीत आईला घेऊन तिला मागणी घालायला येणार, असं तुझ्या सासूने कळवलंय. तुझे बाबा खुशीत आहेत. दोघी बहिणी एका घरात पडल्या तर काळजीच मिटली, असं त्यांचं म्हणणं. तुझ्या कॉफीतली निम्मी मी त्या दिवसासाठी बरणीत घट्ट बंद करून ठेवली आहे. तुला बघायला आले होते ते आठवतं का? पोरी, तू इतकी घाबरली होतीस की साखर विसरलीस आणि फेस पार मारून टाकलास. मी होते म्हणून निभावलं. पाचही कप मोरीत ओतले आणि नव्याने केले. तुझी सासू त्या कॉफीचं नाव अजून काढते. शुक्रानच्या वेळीही मी आहेच.

जावयाला, जेमालला, आणि सासूबाईंना सलाम सांग. तुझ्या या म्हाताऱ्या आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
मुअल्ला आत्या


डुइसबुर्ग
३ नोव्हेंबर १९७८

ती. मुअल्ला आत्यास नेझिहेचा सलाम. तुझा हात ओठांना आणि कपाळाला लावते. वि. वि.

तुझं पत्र आधी जेमालने वाचलं. माझ्या नावाची पत्रं इथे तोच फोडतो, हे मी तुला कधी कळवलं नव्हतं. मोज्याच्या गोष्टीपर्यंत हसत होता. साखर विसरल्याचं वाचलं आणि हसायचा थांबला. आपल्याच मुलखातला माणूस, त्याला वेगळं काय सांगायचं? मागणी घालायला आलेल्यांना मुलीने गोड, फेसाची कॉफी दिली तर होकार. बिनसाखरेची, फेस मोडलेली दिली तर नकार. तोंड उघडायचं नाही. चार वर्षांनी त्याला कळलं की मी त्याला नाही म्हटलं होतं. पुढे काय झालं ते लिहीत नाही. बरेच दिवस कामावर जाताना रुमाल भुवईपर्यंत ओढून जात होते.

मी विसरले नव्हते, आत्या, आणि हे तुला ठाऊक आहे. साखरेचा डबा तूच माझ्या हातात दिलास. मी तो न उघडता परत फळीवर ठेवला, तेव्हा तू तिथेच उभी होतीस. मी कॉफी मुद्दाम पुन्हा पुन्हा उकळली. बाबांपुढे बोलायची सोय नव्हती, आई नव्हती, तेवढी एक कॉफी माझी होती. हात धुऊन तबक घ्यायला वळले तर पाचही कपांवर फेस उभा. तू तबक माझ्या हातात दिलंस आणि पाठीला हात लावून मला बैठकीत ढकललंस. तो हात मला अजून पाठीवर जाणवतो.

आता बेदरीचं ऐक. कोलोनला तो एका बाईबरोबर राहत होता. त्याने तिचा हात मोडला तेव्हा ती पळाली, आणि आमच्या मजल्यावरची पोरंसुद्धा ते बोलतात. मी बाबांना कळवलं. त्यांचं उत्तर माझ्या मैत्रिणीच्या, फेरिदेच्या, पत्त्यावर आलं की सासरच्या माणसांबद्दल असं लिहिणारी मुलगी आपली नव्हे. शुक्रानलाही मी फेरिदेच्या भावाहाती निरोप धाडला आहे. काय करायचं ते तिला कळतं. म्हणजे आता सगळं पुन्हा तुझ्या स्वयंपाकघरावर आलं.

एवढंच मागते. त्या दिवशी शुक्रान जशी कॉफी करील तशी बाहेर जाऊ दे. तू आत पाऊल टाकू नकोस. उत्तर इथल्या पत्त्यावर नको, फेरिदेच्या पत्त्यावर पाठव. ती माझ्यासोबत यंत्रावर असते.

लोभ आहे तो टिकवणं तुझ्या हातात आहे.

तुझी
नेझिहे


क्यूताह्या
२५ नोव्हेंबर १९७८

चि. नेझिहेस अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि चूल न पेटवता बसून राहिले. जेमालने तुझ्यावर हात उचलला. माझ्याच पत्राने ते घडलं म्हणतेस, तर यापुढे तुमच्या घराच्या पत्त्यावर एक अक्षर टाकणार नाही.

पण बाकीचं मी ऐकून घेणार नाही. मला कळलं होतं का? हो, कळलं होतं. मग? विशीतल्या पोरीला काय समजतं? तुझं वय होतं तेव्हा मलाही बघायला आले होते. त्याचं नाव इहसान, घड्याळं दुरुस्त करायचा. येता जाता मी त्याच्या दुकानाच्या काचेत बघायची आणि तोही बघायचा. तो आईला घेऊन आला त्या दिवशी मी निखाऱ्यावर जेझवे ठेवली आणि दाराच्या फटीतून त्याच्याकडे बघत राहिले. मागे कॉफी उतू गेली. तांब्याच्या त्या एवढ्याशा भांड्यावरून नजर काढली की संपलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. साखर भरपूर होती, फेस मात्र टिपूसभर उरला नाही. मला वाटलं, गोड आहे ना, चालेल.

त्याच्या आईने कपाकडे पाहिलं, तो ओठाला न लावता खाली ठेवला, अल्ला बरकत देवो म्हणाली आणि उठली. गोड होती की कडू हे तिला कळलंच नाही. इहसान मान खाली घालून मागोमाग गेला. माझ्या वडिलांनी मला विचारलं नाही, त्याने विचारलं नाही. एकाने जरी आत येऊन विचारलं असतं की मुअल्ला, हे तुझ्या मनातलं आहे का, तर मी काय म्हटलं असतं ते तुला कळतंय. पुढे तो तावशानलीला गेला, लग्न केलं. मी भावाच्या घरी राहिले आणि त्याच्या दोन मुली वाढवल्या.

तेव्हापासून माझ्या हातून बिनफेसाचा कप बाहेर गेलेला नाही. गल्लीला वाटतं मुअल्लाला कॉफीचं वेड आहे. वाटू दे. तुझे ते कप बघितले आणि मला पुढची सगळी वर्षं दिसली. तुझ्या आयुष्याची माती होऊ नये म्हणून मी ते ओतले.

शुक्रानच्या दिवशी काय करायचं ते मला शिकवू नकोस. स्वयंपाकघर माझं आहे.

जिवाला जप. माझ्यावरचा राग सोडला नाहीस तरी खुशाली कळवणं सोडू नकोस.

तुझी
मुअल्ला आत्या


डुइसबुर्ग
९ डिसेंबर १९७८

ती. आत्यास सलाम. वि. वि.

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे म्हणून थोडक्यात. तुझ्या इहसानचं वाचून रडले. तू हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस. लहानपणी आम्ही दोघी तुझी नक्कल करायचो, फेसाकडे डोळे लावून श्वास रोखून उभी असायचीस तशी. आता लाज वाटते.

पण आत्या, तुला कोणी विचारलं नाही म्हणून जन्मभर जळलीस, आणि माझ्या वेळी तूही विचारलं नाहीस. मी तुझ्या शेजारीच उभी होते.

सासूबाई आणि बेदरी विसाव्या तारखेला निघताहेत. सासूबाईंनी लाल लोकरीचा कोट घेतलाय शुक्रानसाठी, आणि बाह्यांचं माप माझ्या अंगावर घेतलं.

कळावे, आणि या वेळी खरंच कळावे.

नेझिहे


क्यूताह्या
४ जानेवारी १९७९

चि. नेझिहेस अ. आ. आणि डोळ्यांचे पापे.

ते येऊन गेले. काय झालं ते मीच लिहिते, कारण तिकडे तुझी सासू आपल्या रीतीने सांगेल.

बर्फ गुडघाभर होतं तरी वेळेवर आले. मी शुक्रानला बरणी दिली, शेगडीत निखारे भरून दिले, साखरेचा डबा समोर ठेवला आणि बैठकीत येऊन बसले. गेल्या कित्येक वर्षांत या घरात पाहुण्यांची कॉफी होत असताना मी बाहेर बसलेली नाही. हात मांडीखाली दाबून ठेवले होते. बेदरी जर्मनीतल्या मोटारींच्या किमती सांगत होता. मला आतलं सगळं ऐकू येत होतं. फेस चढतो तेव्हा भांडं गप्प असतं. मग उतू गेलेल्या कॉफीने निखारा चुरचुरला. मग पुन्हा. खोटं कशाला बोलू, पोरी, मी अर्धी उठले होते. तुझ्या बाबांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं मी आत निघाले. मी शाल सारखी करून परत बसले.

शुक्रान तबक घेऊन आली. काळंभोर पाणी, डबक्यासारखं. फुलं तिनेच काढलेले कप होते. तुझ्या सासूने एक घोट घेतला आणि तो गिळताना तिचं तोंड बघण्यासारखं झालं. पण ती बाई काय कच्ची आहे? हसून म्हणाली, मुलगी घाबरली बिचारी, थोरलीच्या वेळीही असंच झालं होतं म्हणे, मुअल्लाबाईंनी निस्तरलं. बेदरीने कप बाजूला सारला आणि शुक्रानकडे असं बघितलं की मला तुझा रुमाल आठवला. तुझे बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, ऊठ मुअल्ला, नीट करून आण.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी माझा कप उचलला. कडू जहर होती, जळकीही लागत होती. घोट घोट करून गाळापर्यंत प्यायले, कप बशीत उपडा ठेवला आणि म्हटलं, कॉफी जशी व्हायला हवी तशीच झाली आहे. आमच्या घरून दुसरी येणार नाही.

ते गेले. लाल कोट परत घेऊन गेले. तुझ्या बाबांनी शिव्या दिल्या त्या सगळ्या माझ्या वाट्याला आल्या, पोरीला एकही नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत आणि माझ्या हातचं घेतही नाहीत, चौकातल्या कॉफीघरात जाऊन हरभऱ्याचं पाणी पितात. गल्लीतल्या बायका येतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि मी जेझवे काढायच्या आत उठतात. शुक्रान कामावर जाते आणि गुणगुणत घरी येते. मला एकटीपुरती कॉफी करायचा कंटाळा येतो.

तुझी सासू तिकडे पोचली असेल. तुला त्रास देत असतील तर निघून ये. बाबा दार उघडणार नाहीत, पण मागचं दार स्वयंपाकघरात उघडतं. मला बोल लाव, पण उत्तर धाड.

तुझी
मुअल्ला आत्या


डुइसबुर्ग
११ फेब्रुवारी १९७९

ती. मुअल्ला आत्यास सलाम. तुझा हात ओठांना आणि कपाळाला लावते. वि. वि.

उशीर झाला. मध्ये काही दिवस उजव्या हाताने लिहिता येत नव्हतं. आता बरं आहे.

शुक्रानचं वाचून इतका आनंद झाला की यंत्राशी उभी राहून हसत होते आणि मुकादम ओरडला. फेरिदेला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, अशी आत्या मला असती तर. मी पत्राची घडी करून खिशात ठेवली.

तुझ्या मागच्या दाराचं कळलं. पण माझं पारपत्र जेमालच्या कपाटात आहे आणि मला चौथा महिना लागला आहे. हे मी अजून कुणाला कळवलं नव्हतं.

घरात माझ्या हातची कॉफी आता कुणी पीत नाही. सासूबाईंचा हुकूम आहे. जेमालने यंत्र आणलंय, इथे सगळ्यांकडे असतं तसं. कागदात पूड घालायची, कळ दाबायची, थेंब थेंब करून मडकंभर पाणी गळत राहतं. तुला दाखवलं तर खिडकीतून फेकून देशील. त्या कॉफीला फेस येतच नाही. तिने हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही.

फेरिदेचा भाऊ निघाला आहे, त्याच्याबरोबर दाणे पाठवते, या खेपेला जास्त भाजलेले मिळाले. एकटीपुरतीही कर, आळस करू नकोस. शुक्रानला चांगली कॉफी शिकव. कधीतरी कुणासाठी तिला साखर घालावीशी वाटेल.

तू तिचा कप गाळापर्यंत प्यायलीस हे वाचलं तेव्हापासून एकच येतंय मनात. लिहू नये असं ठरवलं होतं, पण लिहिते. माझे ते पाच कप मोरीत ओतायच्या आधी त्यातला एक तू प्यायली असतीस, तर आज बरणीतून दाणे काढून तुला मी दळून देत असते.

दर पत्राच्या शेवटी लोभ मागायची आपली रीत आहे. तुझा आहे, तो मला पोचला. माझा किती उरलाय, ते बघून कळवीन.

नेझिहे