चोळलेली माती

अँटवर्प, १४ जानेवारी १९९६

ती. इर्माताईस,
धाकट्या ओडीलचा सा. न. वि. वि.

शेजारच्या देसीरेच्या गाडीने पाठवलेली भाजीची पेटी गुरुवारी पोचली. लिफ्ट बंद, म्हणून सिमोनने पाच मजले ती वर आणली. नवरा म्हणून मी बाल्कनीतून सूचना दिल्या. त्यावर बायकोकडून जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रात्री विटलोफचे पांढरे कोंब हॅममध्ये गुंडाळले, वर चीज घातलं, भट्टीतून काढले आणि दोघांनी ताट पुसून खाल्लं. घरचं ते घरचं!

ताई, सप्टेंबरअखेर गोदीच्या नोकरीतून सुटतो, की आम्ही दोघं कायमचे तुझ्याकडे. मग दुकानाची पायरी चढायची नाही. आईबाबांनी आपल्याला त्याच परसावर पोसलं, विकत फक्त मीठ आणि कॉफी. मी कागदावर सगळं आखलंय. विहिरीकडे बटाटे, कुंपणाशी लीक, मधे घेवडा आणि कोबी, मागे सहा कोंबड्या. तळघरात विटलोफची मुळं उभी पुरायची, वर मातीचं पांघरूण, मिट्ट काळोख, बाबा करायचे तसं. यंदा किती मुळं पुरलीस ते कळव. सविस्तर लिही. तुझी पत्रं मी दोनदोनदा वाचतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
ओडील

काम्पेनहाउट, ३ फेब्रुवारी

चि. ओडील यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

सहा कोंबड्या म्हणे! नऊ वर्षांचा असताना कोंबडा मागे लागला म्हणून पाण्याच्या पिंपावर चढून भोकाड पसरणारा कोण होता रे? आधी एक कोंबडी आणू, तुमचं दोघांचं जमतं का बघू.

मुळांचं विचारलंस. पुरली आहेत पुरेशी. जमीन गोठून दगड झालीय, बाहेर सांगण्यासारखं काही नाही. माझे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण ते कुठे नवीन आहे? देसीरेचं घोडं मात्र छान आहे. सिमोनला म्हणावं, नवऱ्याला पेट्या उचलायला लाव. पुढची पेटी गुरुवारी येईल.

थंडीत गळा झाक आणि बहिणीला विसरू नको.
तुझी ताई,
इर्मा

अँटवर्प, २४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात या वेळी घोड्याची खुशाली कळली, परसाची नाही. असू दे. मे महिन्यात, स्वर्गारोहणाच्या सणाला आम्ही दोघं येतोय. मोजायची टेप आणतो, वाफे जागेवरच आखू. पाच मजल्यांवरून खाली बघितलं की नुसतं डांबर दिसतं गं. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी आपल्या परसात असतो, तुला खोटं वाटेल, पण घेवड्याच्या वेलाचा वाससुद्धा येतो. एवढंच एक मागणं उरलंय बघ माझं.

आहेस तशीच राहा.
तुझा,
ओडील

काम्पेनहाउट, गुड फ्रायडे

चि. ओडील यास,
अनेक आशीर्वाद.

चर्चमधून येऊन थेट लिहायला बसले. पाद्रीबाबांकडे कबुली द्यायच्या आधी तुला सांगते.

परस राहिलेलं नाही, ओडील. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा फावडं ठेवलं ते ठेवलंच. आता तिथे गवत आहे आणि त्यावर देसीरेचं घोडं चरतं. तळघरात सायकल आणि रिकाम्या बाटल्या. तुला पाठवलेली भाजी चौकातल्या दुकानातली होती. विटलोफसुद्धा! ते हल्ली पाण्याच्या ट्रेमध्ये वाढवतात, धुतल्यासारखं स्वच्छ असतं. मग मी परसातली मूठभर माती आणून एकेक कोंब चोळायची, आईच्याच टेबलावर बसून.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तू लिहिलंस की पेटीची वाट बघतोय. मला नाही म्हणवेना. पुढे तर खरं बोलायला जीभच रेटेना. फार लाज वाटते रे. तू ये, जरूर ये, पण ती टेप आणू नकोस.

रागावलास तरी पत्र लिही.
इर्मा

अँटवर्प, ११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला ठाऊक होतं. पहिल्या पेटीपासून.

अगं, मातीखाली वाढलेलं विटलोफ घट्ट मिटलेलं असतं. वरचं पान काढलं की आत मातीचा कण सापडायचा नाही. पाण्यातलं सैल. तू चोळलीस ती माती पार कोंबाच्या पोटात शिरली होती, पहिल्याच घासाला दाताखाली कचकचली. विटलोफच्या गावची, काम्पेनहाउटची पोर तू, आणि ही चूक! बाबांनी तळघरात कोंडलं असतं तुला. सिमोन पुन्हा धुवायला निघाली, मी धुऊ दिलं नाही. भाजी कुठली का असेना, माती आपल्या परसातली होती.

आता माझं ऐक. दोन वर्षांपूर्वी गोदीत माझी पाठ कायमची गेली. तेव्हापासून टेबलाशी बसून कागद लावतो आणि तुझ्याकडे यायचं टाळतो. लिफ्ट चालू असते, ताई. पेटी सिमोन आणते कारण मला ती उचलवत नाही, बुटाची नाडीसुद्धा तीच बांधते. यापुढे फावडं धरायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी मी परसाचा पहिला नकाशा काढला. तुला कळवलं असतं तर तू काय पेरलंस ते, खोटं का असेना, लिहिणं बंद केलं असतंस. ते मला सोसलं नसतं. टेप नुसतं निमित्त होतं, तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं.

सोबत विटलोफच्या बियांची पुडी आहे. गेल्या साली घेतली होती, इथे कुठे पेरू?

अजून तुझाच,
ओडील

काम्पेनहाउट, १० मे

चि. ओडील यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग देसीरेकडे जाऊन घोड्याची दोरी आखूड करायला लावली.

तुझी पाठ गेली, गुडघे शाबूत. माझे गुडघे गेले, पाठ शाबूत. दोघांचं मिळून एक धड माणूस होतं, तेव्हा सप्टेंबरात या. आईबाबांसारखं सगळं घर परसावर जेवणार नाही आता. ते दिवस मलाही हवेत रे, पण ते गेले. दाराशी आईच्या टेबलाएवढा तुकडा स्टुलावर बसून खुरप्याने उकरला. तीन दिवस लागले. तुझं बी एका ओळीत पेरलंय. उगवलं तर शरदात मुळं काढू, तळघरात पुरू आणि नाताळच्या रात्री एकेक कोंब खाऊ. सणाला याल तेव्हा ओळ दिसेल, तुडवू नका म्हणजे झालं.

तुझी वाट बघणारी ताई,
इर्मा

ता. क. कागदाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा मातीचा डाग पडलाय. या खेपेला चोळलेला नाही.