मध खाणारा

पनवेल, १४ नोव्हेंबर, संध्याकाळ

वैताग आलाय. गोष्ट अस्वलावरच अडकलीये. रशियन, पोलिश, चेक, सगळ्यांकडे अस्वलाला जवळपास एकच शब्द, अर्थ 'मध खाणारा'. खरं नाव घेतलं तर अस्वल येईल, या भीतीने कुणी घेतलंच नाही म्हणे. शेवटी विसरले. इतकं भारी, पण मी लिहिलं की शाळेचं गाइड वाटतं!

तेवढ्यात आई आली. "त्याचा फोन आलता. पोरगी झाली. मध चाटवायला घरचं कोनी नाय."

"त्याचा म्हणजे?"

"हलू बोल. पप्पा हायत."

तो म्हणजे माझा सख्खा भाऊ. जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून पप्पांनी त्याचं नाव घरात बंद केलंय. आई 'तो' म्हणते. मीपण, घाबरट कुठला.

वही आपटली. आईमागोमाग बाहेर हॉलमध्ये जाऊन मोठ्याने विचारलं, "आई, महेशच्या पोरीला मध कोण चाटवणार?"

पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला.