नावडत्या लढवय्यांची यादी

सोमवार, ४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. साष्टांग वगैरे लिहिलं असतं तर पहिल्याच ओळीला तू हसला असतास, म्हणून नुसता नमस्कार. तुझा पत्ता तुझ्या त्या चष्मेवाल्या मित्राने दिला. पाच वेळा विचारलं तेव्हा कुठे दिला, आणि देताना म्हणाला, "मी दिला म्हणून सांगू नकोस." सांगितलं बघ. माझ्या पोटात काही राहत नाही.

इकडे सगळं ठीक. बाबांचे गुडघे दुखतात, तरी लिफ्ट दुरुस्त करायला मशीनखोलीपर्यंत जिन्याने चढतात. आईकडे सध्या हॉस्पिटलच्या पडद्यांचं शिवणकाम आहे. मी लॅबच्या जवळ एक खोली घेतलीय. अजून कवळ्याच बनवते. परवा एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. "हे दात माझे वाटत नाहीत," अशी तक्रार. आमचे साहेब म्हणाले, "वाटणार कसे? नाहीतच."

आता मुद्द्याचं. मुका म्हणजे तूच ना?

उगाच भोळेपणाचा आव आणू नकोस. आपला तो जुना खेळ मी अजून खेळते हे तुला ठाऊक आहे. तेव्हा आपण दोघं एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने बसायचो. आता आम्ही चौघं आपापल्या घरून, दर रविवारी तीन ते सहा. टोळीचा म्होरक्या एक बेकरीवाला आहे, ढाल घेऊन पुढे उभा राहतो. एक नर्सबाई आहेत, त्या आगीचे गोळे टाकतात आणि टाकताना खदाखदा हसतात. मी अजून धनुष्यवालीच. लांबून बाण मारायचा आणि पळायचं. डिसेंबरात चौथा माणूस आला. नाव घेतलंय 'मुका'. माइक कधी लावत नाही. लिहितो तेही एखादाच शब्द. हो. नको. डावीकडे.

मला पहिल्या रविवारीच शंका आली होती. तो दोन सुऱ्या घेऊन, अदृश्य होऊन, पाठीत वार करणारा झाला होता. आता असे हजारो असतात म्हणा. पण दहाव्या पायरीवर आल्यावर त्याने ते पात्र टाकून दिलं आणि नवीन केलं. शत्रूला विष लावायचं आणि झाडामागे बसून तो मरायची वाट बघायची, अशातलं. तेही दहाव्या पायरीवर टाकलं. मग तिसरं आलं. ते तीन लांडगे पुढे सोडतं आणि आपण मागे दगडावर बसतं.

दादा, कुणी शहाणा माणूस असं करतो का? ही तुझी यादी आहे. निळ्या वहीत मागच्या बाजूने लिहिलेली, 'सगळ्यात नावडते लढवय्ये', एक ते पाच. वहीत नुसती नावं, शेरे तू तोंडी मारायचास. मला अजून दोन्ही पाठ आहेत. एक, पाठीत वार करणारा. ज्याला समोरून येता येत नाही, त्याने घरी बसावं. दोन, विषवाला. हा लढत नाही, वाट बघतो. तीन, जनावरं पुढे करणारा. लांडगे मेले की नवे लांडगे, स्वतःला ओरखडा नाही. चार, धनुष्य घेऊन पळणारा. त्यावर तू मला किती चिडवायचास. पाच, नुसता मलमपट्टीवाला, कुणाला बोटही लावत नाही. असा माणूस लढाईत येतोच कशाला?

मुका त्याच क्रमाने चाललाय.

आणि कोळ्यांची गुहा! मी घाबरले की डावीकडे पळते, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? मी पळायच्या आधीच त्याचे लांडगे डावीकडे उभे होते.

तीन वर्षं फोन नाही, पत्र नाही, आणि आता वेष पालटून माझ्यावर पाळत? काय बघायचंय तुला?

उत्तर दे.

छोटी


सोमवार, २५ मार्च

दादा,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. पत्र परतही आलेलं नाही, म्हणजे ते तुझ्या हातात पडलंय.

मी तुला पकडलं. गेल्या रविवारी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बेकरीवाल्याला म्हटलं, "माझा भाऊ पण खेळायचा. मोठी तलवार घेऊन मिरवायचा, पण राक्षस दिसला की पहिला तोच पळायचा." बेकरीवाला हसला. नर्सबाई हसल्या. आणि खाली एक शब्द उमटला. खोटं.

बस्स. एवढंच. मुक्याला कसं कळलं रे खोटं आहे ते?

त्या रात्री मी डिसेंबरपासूनचं त्याचं सगळं लिहिलेलं परत वाचलं. एक विचित्र गोष्ट सापडली. चार महिन्यांत त्याने एकदाही 'आलो', 'गेलो', 'करतो' असं लिहिलेलं नाही. एकसुद्धा शब्द असा नाही ज्यावरून बाई की पुरुष ते कळावं. 'निघायला हवं.' 'उद्या काम आहे.' 'पळू नकोस, मी आहे ना.' हे कुणाला सहज जमत नाही, दादा. हे ठरवून करावं लागतं.

आता त्याने लांडगेही सोडून दिले. मला वाटलं, पुढचा रविवार माझी खोडी काढण्याचा. आता धनुष्य घेऊन येणार आणि माझ्यासारखा पळून दाखवणार. पण नाही. तिसऱ्यावरून थेट पाचवा! मलमपट्टीवाला. चौथा का गाळलास? माझी कीव आली का? की तुला असं सुचवायचंय, की चार नंबरवर आधीच कुणीतरी बसलंय?

तू मला पारखतोयस असं सारखं वाटतं. मी बाण मारते तेव्हा तो मागे उभा असतो. मी वळले की तो तिथेच. लॅबमध्ये मेणात दात बसवताना सुद्धा पाठीमागे कुणीतरी असल्यासारखं होतं. काल एका कवळीला वरचे दात खाली लावले.

त्या दिवसाबद्दल काही विचारायचं असेल तर सरळ विचार. पण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तुझं आणि बाबांचं वाजलं तेव्हा मी मैत्रिणीकडे होते. परत आले तेव्हा तू चपला घालून दारात उभा होतास आणि आईला विचारत होतास, "तूच सांगितलंस ना बाबांना?" आई हो म्हणाली. ते तू तुझ्या कानांनी ऐकलंस. मग आता माझ्या मागे कशाला लागलायस?

आईवर इतका राग नको धरूस. ती दर महिन्याला तुझ्या जुन्या नंबरवर फोन लावते. तो नुसता वाजत राहतो.

जाऊ दे. मला त्यात पडायचं नाही.

छोटी


सोमवार, १५ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "मुका मी नाही. तीन वर्षांत त्या खेळाला हात लावलेला नाही. मला असलं काही लिहू नकोस." खरं सांगते, माझा आधी विश्वास बसला नाही. कार्ड उलटसुलट करून बघितलं. अक्षर तुझंच. मग मला भीतीच वाटली. तू नाहीस तर तुझी यादी कुणाकडे आहे?

मागच्या रविवारी दगडी राक्षसाशी लढाई झाली. चाळीस मिनिटं. बेकरीवाला पाच वेळा पडला आणि मुक्याने पाच वेळा उठवला. मला तर किती वेळा ते मी मोजलंच नाही. शेवटी राक्षस कोसळला. नर्सबाई ओरडत होत्या, आणि खाली एक शब्द आला.

दमले.

पुढच्याच क्षणी मुका निघून गेला. गेली.

मी कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. असं 'दमले' कोण म्हणतं, ते मला कळलं होतं. पण कळलंय असं मी स्वतःला कबूल करत नव्हते.

काल, रविवारी, मी माझ्या खोलीत खेळ सुरू केला, माझी धनुष्यवाली एका झाडाखाली उभी करून ठेवली आणि बस पकडून घरी गेले. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. कुठेतरी लिफ्ट अडकली होती, बाबा तिकडे गेले होते. तुझ्या खोलीतून आवाज येत होता.

आई तुझ्या खुर्चीत बसली होती. चष्मा कपाळावर, बोटात अजून शिवणाचं अंगुस्तान, त्याच बोटाने माउस दाबत होती. टक टक टक. शेजारी शिवणाच्या डब्यावर तुझी निळी वही उघडी.

"आई," मी म्हटलं.

तिने मान वळवली नाही. "थांब, बेकरीवाला मरतोय."

मी थांबले. त्याला उठवून झाल्यावर तिने मागे बघितलं, मग परत पडद्याकडे बघितलं. "तू इथे कशी? तू तर त्या झाडाखाली उभी आहेस."

मला हसू येईना आणि रडूही येईना. विचारलं, "तुला हे खेळता कसं येतं?"

"सहा वर्षं तुम्ही दोघं माझ्या मशीनशेजारी बसून बोंबलत होता. मला काय कान नव्हते? पासवर्ड वहीच्या पुठ्ठ्यावर आहे."

"आणि हे कशासाठी?"

ती अंगुस्तान काढून परत घालत राहिली. मग म्हणाली, "तो येईल ना कधीतरी. फोन उचलत नाही. इथे निदान कोण कुठे उभं आहे ते दिसतं तरी. बोलले तर आवाज ओळखेल आणि निघून जाईल. म्हणून बोलायचं नाही. त्याच्या आवडीचं सोंग घेऊन उभी राहिले तर थांबेल जरा वेळ, असं वाटलं."

"आवडीचं?"

तिने वही पुढे केली. 'सगळ्यात नावडते' हे तू आधीच्या पानावर लिहिलं होतंस, आणि ते पान चहा सांडून पुठ्ठ्याला चिकटलेलं. तिला नुसती एक ते पाच नावं दिसली होती. तिला वाटलं, एक नंबर म्हणजे सर्वांत लाडका.

मी तिला सांगायला नको होतं, पण सांगून बसले. आधी ती हसली. "म्हणजे चार महिने मी त्याच्या नावडत्यांच्या वेषात त्याची वाट बघतेय?" मग हसणं थांबलं. वहीवरून हात फिरवत म्हणाली, "तसं काही चुकलं नाही म्हणा. त्याची नावडतीच आहे मी."

मी मान खाली घातली तर समोर ते पान. चार नंबरवर तू रेघ मारली होतीस. शेजारी बारीक अक्षरात: 'छोटी हेच खेळते. रद्द.' हे कधी केलंस? मला कधीच बोलला नाहीस.

दादा, आता लिहायलाच हवं.

बाबांना मी सांगितलं. आईने नाही. तू लिफ्टदुरुस्तीची नोकरी सोडलीस, लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं की तुझा श्वास कोंडतो, रोज डबा घेऊन निघतोस आणि वाचनालयात बसून चित्रं काढतोस, हे तू फक्त आम्हा दोघींना सांगितलं होतंस. त्या दुपारी बाबा मला बोलत होते. दिवसभर खेळ, दिवसभर खेळ, जरा दादाकडे बघ, न चुकता कामावर जातो. आणि मी फटकन म्हणाले, "दादा तरी कुठे जातो कामावर?" एवढंच वाक्य. बाबांचा चेहरा बघितला, चपला घातल्या आणि मैत्रिणीकडे पळाले. पुढचं तुला एकट्याला भोगावं लागलं.

परत आले तेव्हा तू आईला विचारत होतास. आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती माझं नाव घेणार. ती तुला म्हणाली, "हो, मीच सांगितलं." मी तिथेच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. त्यानंतर तीन वर्षं रोज बोलले नाही. उलट सगळ्यांवर संशय घेत बसले. कोण मला बघतंय, कोणाला काय कळलंय.

काल आईला म्हटलं, "आई, ते मी सांगितलं होतं."

"माहीत आहे मला."

"मग तू हो का म्हणालीस?"

"तो जाणारच होता गं. चपला घालून झाल्या होत्या. तुझ्यावर राग धरून गेला असता तर तूही इथे टिकली नसतीस. मला तुम्हा दोघांतलं एक तरी घरात हवं होतं."

एवढं बोलून ती परत पडद्याकडे वळली, कारण नर्सबाईंना लागलं होतं.

संध्याकाळी बाबा आले. त्यांना सांगणारी मी हे त्यांना माहीत होतंच. पण तू आईला दोष देऊन गेलास हे त्यांना माहीत नव्हतं. वाजल्यावर ते रागाने आत जाऊन बसले होते. ऐकून ते जेवायचे थांबले. "आणि ही काही बोलली नाही?" आईकडे बघत एवढंच म्हणाले. मग उठून आईच्या ताटात त्यांनी स्वतः वाढलं. त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आईने मला बजावलंय, दादाला लिहू नकोस, तो तुलाही तोडेल. मी तिचं ऐकत नाहीये. हे पत्र पोच मागवून पाठवतेय. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही आणि पाठवलं असं खोटं मलाही म्हणता येणार नाही.

माफी मागत नाही. ती मागायची वेळ तू दारात होतास तेव्हाची होती. मला उत्तरही नको.

फक्त एक कर. पुढच्या रविवारपासून मी त्या खेळात जाणार नाही. बेकरीवाल्याला तसं कळवलंय. त्यामुळे तिथे माझी गाठ पडेल ही भीती ठेवू नकोस. आई असते. तीन ते सहा. पांढऱ्या झग्यातली, हातात हत्यार नसलेली. तू नुसता समोर जाऊन उभा राहिलास तरी चालेल. बोलायला तिला वेळ लागेल, तेवढं थांब.

तुझं घर मोडणारी,
छोटी