आमच्या गल्लीत शून्य कंप्लेंट

सोमवार, ३ तारीख
आजपासून रोजनिशी. शाळा चौथीपर्यंतच, पण वही माझी, चुका माझ्या. माझी नात आमदार आहे. आज टीव्हीवर काय कडाडली सभागृहात! म्हणाली, आमच्या भागातल्या चोरीच्या कंप्लेंटी निम्म्यावर आणल्या. समोरचा टकल्या म्हणाला, साफ खोटं. मी टीव्हीलाच चार शब्द सुनावले. मग संकल्प सोडला. निम्म्या कशाला? आपल्या गल्लीतून एकही कंप्लेंट जाऊ द्यायची नाही. नातीला सांगणार नाही. सरप्राइज.

गुरुवार, ६
दोरीवरची माझी चादर गेली. वाऱ्याने उडाली असणार. वारा नव्हता, पण वाऱ्याचा काय भरवसा. मास्तरांची सायकलही गेली. तरातरा पोलीस स्टेशनला निघाले होते, मी आडवी गेले. म्हटलं, मास्तर, नातीला पाढे तुम्हीच शिकवलेत, आता तिचं रेकॉर्ड बिघडवता? ते म्हणाले, पाढे शिकवले म्हणून सायकल सोडू होय? पण माझ्या हातचा चहा पिऊन परत फिरले. चालणं तब्येतीला चांगलंच.

मंगळवार, ११, सकाळ
पाण्याची मोटर. गिरणीवाल्याचा वजनकाटा. दोघांचे सिलेंडर. आजपासून ‘चोरी’ म्हणायचं नाही, ‘सापडत नाही’ म्हणायचं. गिरणीवाला म्हणतो, आजी, तुम्ही चोरांच्या बाजूने आहात का? मेल्याची जीभ बघा! त्यालाही चहा पाजला. यापायी चहापत्तीचा डबा खडखडला. देशसेवा अशीच असते.

शुक्रवार, १४, रात्र
शेजारच्या शिवणवालीचं मशीन सापडत नाही. भर दुपारी, ती नळावर गेली तेवढ्यात. नवरा नाही, पदरात दोन पोरी, घर त्या मशीनवर. रडत पदर खोचून निघाली. मी हात धरला. म्हटलं, एवढा महिना जाऊ दे बाई, माझी नात नवं मशीन देईल. नातीला विचारलेलं नाही. पण माझा शब्द मोडायची नाही ती. शिवणवाली म्हणाली, तुमची नात तुम्हाला लखलाभ. रागात बोलतं माणूस. गेली नाही ना? मग झालं तर.
रात्री जेवण गेलं नाही. पित्त असेल.

रविवार, ३०
शून्य! अख्ख्या गल्लीत बिस्किटं वाटली. मास्तरांनी दार उघडलं नाही. कानाला कमी ऐकू येतं त्यांना. शिवणवालीच्या पोरींनी घेतली, आईने परत पाठवली. टकल्याला म्हणावं, ये आता!

मंगळवार, २ तारीख, नवा महिना
नात आली. वाटलं, गळ्यात पडेल. पायरीवरच मटकन बसली. म्हणाली, आजी, या गल्लीत नवी पोलीस चौकी बसवायला तीन वर्षं भांडत होते. काल ती पलीकडच्या वस्तीला गेली. पोलिसांचे साहेब म्हणाले, तुमच्याकडे कंप्लेंटीच नाहीत.
मी म्हटलं, मग मान वर करून सांग की, आम्हाला पोलीस लागतच नाही!
शिवणवाली दारात उभी होती. तिने ‘मशीन’ एवढाच शब्द काढला. मग मास्तर आले, गिरणीवाला आला, एकेक करत सगळेच आले. नात लिहून घेत होती. अकराव्या कंप्लेंटीवर यादी संपली. तिने पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलंच नाही.
मी विचारलं, किती लागत होत्या गं चौकीला?
म्हणाली, दहा.