वेंकटराव इफेक्ट

२ फेब्रुवारी
ही वही देवनागरीत लिहायची. घरात ती वाचता येणारा मी एकटाच. राजम तमिळ शाळेतली, तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. बायकोत हा गुण मोठा.
जूनअखेर रिटायर. त्याआधी एकच काम. शास्त्रात माझ्या नावाचा इफेक्ट झाला पाहिजे. कोणाच्या नावाने नियम आहेत, एकाच्या नावाने तर समुद्राचं पाणी भरायची नुसती बाटली आहे.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दोन पानं लेखन.

३ फेब्रुवारी
साडेआठला उठलो. पाच ही वेळ दूधवाल्यांची.

७ फेब्रुवारी
डिपार्टमेंटात चिदंबरला प्रोफेसर केलं. तळ्यातलं शेवाळ मोजणारा माणूस! पेपर चौऱ्याण्णव म्हणे. उंदरांना पिल्लं जास्तच होतात. माझा पेपर एकच, पण कसा! कावेरीच्या मुखाशी समुद्राच्या पाण्यात कथील, नेहमीच्या चारशेपट. कारणही मीच दिलं. चोळांच्या काळातले काशाच्या मूर्ती ओतणारे. त्यांचं कथील हजार वर्षं नदीतून झिरपतंय.
चिदंबर तेव्हा म्हणाला होता, एकदा परत सॅम्पल घ्या. पहिल्यांदा जमत नाही तो परत करतो. शिवाय बोटीत मला उलट्या होतात.

१९ फेब्रुवारी
तेरा वर्षांत माझ्या पेपरची सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखांत उल्लेख, नऊ, त्यातली तीन मेहुण्याची. आज बघतो तर एकोणचाळीस! जग जागं झालं. कॅन्टीनमध्ये चिदंबरला सहज ऐकवलं. त्याने विचारलं, ते तीस लेख वाचलेत का? दुसऱ्यांचं वाचत बसायला मी काय क्लार्क आहे? जळतो मेला.

४ मार्च
नंदिताला गोव्याला फोन. माझी जुनी विद्यार्थिनी. हुशार नाही, नुसती मेहनती. समुद्रातल्या धातूंवरच्या संशोधनाचा मोठा रिव्ह्यू लिहिते आहे. सांगितलं, कथलाच्या या प्रकाराला माझं नाव दे, गुरुदक्षिणा समज. आवाज एकदम बारीक झाला. भारावली असावी. मग म्हणाली, सर, एका फ्रेंच जहाजाने तिथेच पाणी तपासलं, कथील सापडलं नाही, तुमचा उल्लेख करणारे नवे तीस लेख त्याबद्दलच आहेत. फ्रेंचांना कावेरी काय कळणार!
मग तिने विचारलं, तुम्ही पाणी कशात भरलं होतं? डिपार्टमेंटच्या प्लास्टिकच्या बाटल्यांना बुरशीचा वास, म्हणून राजमचा ईयचोंबू नेला होता. कथलाचं रसमचं भांडं, सासूबाईंनी दिलेलं, लख्ख घासलेलं. पाणी टिकावं म्हणून त्यातच ॲसिड घालून तीन दिवस ठेवलं.
तिने ते सगळं लिहून घेतलं. इतकी स्वच्छता हल्ली पाळतं कोण?

५ मार्च
राजमला सहज विचारलं, रसम ईयचोंबूतच का करतेस? म्हणाली, आंबट पडलं की भांडं थोडं रसमात उतरतं, त्याचीच चव, अम्मा सांगायची. बायकांची केमिस्ट्री!
रात्री रसम घेतलं नाही. पोट बरं नव्हतं.

१६ मार्च
उद्या स्वतः पूंपुहारला, कावेरीच्या मुखाशी. नव्या बाटल्या, पन्नास सॅम्पल. सगळ्यांची तोंडं कायमची बंद.

१७ मार्च
उलट्या चार. सॅम्पल एक.

२ एप्रिल
रिपोर्ट. कथील: आढळलं नाही.
मशीन चिदंबरच्या ताब्यात आहे, यातच सगळं आलं.

३ एप्रिल
दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट. तेच. कागद घडी करून पंचांगात ठेवला. नंदिताला कळवायची घाई नाही. तिला काय, लिहायला माझं नाव पुरे.

९ जून
नंदिताचा रिव्ह्यू छापून आला. पान चार, ठळक मथळा: वेंकटराव इफेक्ट! ओरडलोच. राजम हातातलं टाकून धावत आली. शेजारची शेषम्माही आली.
दोघींसमोर खालच्या ओळी मनातल्या मनात वाचल्या. सॅम्पल घेणाऱ्याच्याच भांड्यातून पाण्यात उतरलेल्या धातूला आता हे नाव रूढ करावं. नवख्यांनी काय करू नये, याचं उत्तम उदाहरण. खाली तळटीप: हे नाव सरांच्या स्वतःच्या इच्छेवरून.
 इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.
राजमने विचारलं, तुमचं नाव आलं ना? आलं म्हणालो. तिने काजू घालून रव्याची गोड केसरी केली आणि सगळ्या गल्लीत वाटली.