विसाच्या आतला आकडा

११ डिसेंबर, लातूर
डॉक्टरांनी सिरोसिस म्हटलं. घरी मी ‘लिव्हर थोडं कडक झालंय’ एवढंच सांगितलं. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटल्या तर रक्ताची उलटी होते म्हणे, म्हणून तोंडातून नळी घालून बघायचं. नळी सोडून काहीही करा म्हणालो. मग त्यांनी दुसरा रस्ता सांगितला: बरगडीवर मशीन टेकवून लिव्हरचा कडकपणा मोजायचा. आकडा विसाच्या आत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर नळी तूर्त टळते. आजपासून दारू बंद.

१३ डिसेंबर
प्लेटलेट एक लाख दहा हजार. आमच्या डाळ मिलमध्ये एवढी घट आम्ही धरतोच, तेव्हा दीडच समजायचं. मिलमधला भागीदार संगप्पा म्हणाला, पपईच्या पानांचा रस घ्या, मला डेंग्यूत लागू पडला. कडू जहर. मागून अर्धा पेग घेतला. औषधावरचा घोट दारूत धरत नाहीत.

१६ डिसेंबर
झोप नाही. सारखी बरगडीखाली बोटं जातात. आज मऊ लागलं. बायको रत्नम्मानं विचारलं, काय चाचपायलात? गॅस म्हणालो.

१९ डिसेंबर, येळवस
दुपारी स्कॅन, आधी तीन तास काही खायचं नाही. पण येळवसला, वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, रेणापूरच्या शेतातून उपाशी कोण जाऊ देतं? शेजारच्या शेताचे हणमंतराव बांधावर आडवे आले, म्हणाले आमच्याकडं खाल्लं न्हाई तर वर्षभर बोलणार न्हाई. भज्जी-उंडे निग्रहानं टाळले. फक्त ताकातली ज्वारीची आंबील, लोटाभर. मग त्यांना बरं वाटावं म्हणून आणखी एक. पातळ पदार्थ, म्हणजे उपवासच.
आकडा एकतीस. आंबिलीचं सांगितलं. खाल्ल्यावर आकडा वाढतो खरा, सोमवारी उपाशीपोटी या, असं डॉक्टर स्वतः म्हणाले. म्हणजे जास्तीचे सगळे आंबिलीचेच. खूप दिवसांनी बरं वाटलं.

२२ डिसेंबर
रात्रीपासून पाण्याचा घोटही नाही. आकडा चौतीस. मशीन बदलून बघा म्हणालो. रत्नम्मा सोबत होती, तिला सगळं कळलं. तिनं तिथंच डॉक्टरांकडून नळीची तारीख घेतली, चोवीस. मला लई भीती वाटतेय.

२४ डिसेंबर
दवाखान्यात भुलीतून जाग आल्यावर विचारलं, नळी कधी घालणार? रत्नम्मा म्हणाली, झालं की. शिरा टम्म फुगलेल्या होत्या, तिथंच रबरी रिंगा घालून बांधल्या. कधीही फुटल्या असत्या म्हणे. ती पदर तोंडाला लावून बसली होती. आकडा विसाच्या आत आला असता तर नळी घातलीच नसती, असं तिला म्हणायला गेलो आणि मध्येच थांबलो.