पुण्याहून आलेल्या तंबाखूविषयी अभिप्राय

बरकतपुरा, हैदराबाद

ती. एकनाथराव यांस धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे माधवचा, साष्टांग नमस्कार.

तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे इंदूकडून कळले आणि जीव भांड्यात पडला. डॉक्टर सांगतील तोवर वर्तमानपत्र वाचू नका (आणि वाचलेच, तर निदान संपादकाला उत्तर लिहू नका). इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. गेल्या रविवारी मात्र असे लिहिता आले नसते.

तुम्ही मला पाईप भेट दिलात तेव्हा, निवृत्त वकिलाच्या तोंडाला काहीतरी काम हवे, असे म्हणाला होतात. या खेपेला गूळ, लवंग, दालचिनी घालून स्वतः मुरवलेला तंबाखू पाठवलात आणि चव कशी आहे, जळतो कसा, जीभ भाजते का, हे सविस्तर कळवा म्हणून बजावलेत. त्याच पार्सलात कुसुमवहिनींचा दरसालचा गोडा मसाला होता, लागेल तसा घरी बारीक करावा म्हणून जाडसरच कुटलेला. दोन्ही श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. डब्यांवर नाव नाही, कारण उघडल्यावर ज्याला कळत नाही त्याने डबा उघडूच नये, हे तुमचे मत मला ठाऊक आहे. मी एक उघडला. आत काळपट, तेलकट काहीतरी, वर लवंगेचा वास. मला कळले (असे मला वाटले). दुसरा डबा इंदू स्वयंपाकघरात घेऊन गेली.

तर अभिप्राय. पाईप पेटायलाच अर्धी काडेपेटी लागे. पहिल्या झुरक्याला भाजल्या खोबऱ्याची चव, मग धने, आणि घशात उतरता उतरता दगडफूल. मधेच काहीतरी तडतडून फुटायचे आणि ठिणगी सदऱ्यावर पडायची. मिश्रण सारखे विझे, नळीत तेल उतरे, पण जीभ म्हणून भाजत नसे, आणि ओढून झाले की भूक सडकून लागे. फोनवर मी तुम्हाला "खोबरे सुरेख उतरले आहे" म्हणालो तेव्हा तुम्ही विषयच बदललात. मी तो विनय समजलो (तुमच्या बाबतीत असा अंदाज कसा केला, देव जाणे). खालच्या मजल्यावरचे हमीदभाई तर अंगणातून ओरडून म्हणाले, "वकीलसाब, भाभी का मसाला जलरा, अंदर देखो नई ज़रा." मी त्यांना गॅलरीतूनच पुणेरी तंबाखूवर छोटेसे व्याख्यान दिले. ते "हौ साब" म्हणून आत गेले.

रविवारी सकाळी पाईप कोरून साफ करताना आतून तमालपत्राचा तुकडा निघाला, शिरेसकट. पाठोपाठ तीळ. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी आठवडाभर मसाला ओढत होतो, यात कोणाचे फारसे बिघडले नव्हते. पण मग तंबाखू कुठे होता, आणि आमच्या आमटीत रोज काय पडत होते? इंदूला काही दिवसांपासून चक्कर येत होती, आणि मी तिला उपास कमी कर म्हणून उपदेश करत बसलो होतो. इतक्या वर्षांच्या वकिलीत मी कधी असा घाबरलो नव्हतो. ती नसेल तर या घरात मला साखरेचा डबा सापडत नाही, बाकीचे तर सोडाच. मी धावत आत गेलो, गॅस बंद केला, तिच्या हातातला डाव काढून घेतला, सगळे भडाभडा सांगितले आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल म्हणालो. एव्हाना मलाही गरगरायला लागले होते.

"अहो, त्या डब्याला मी हातसुद्धा लावलेला नाही," ती म्हणाली.

तिने फळीवरचा डबा काढून दाखवला. झाकणावरची तुमची चिकटपट्टी जशीच्या तशी. चक्कर येत होती ती नव्या चष्म्याने, आणि सवय होईपर्यंत येणारच, असे चष्मेवाल्याने तिला आधीच सांगून ठेवले होते (मला कोणी सांगत नाही). मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि मला रडू आले. मग ती गार झालेली आमटी आम्ही दोघांनी भुरके मारून संपवली.

कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुमचा,
माधव

ता. क. डब्याला हात का लावला नव्हता, ते फक्त तुमच्यापाशी ठेवा. इंदू वर्षानुवर्षे गौलीगुड्याच्या दुकानातला मसाला वापरते. वहिनींच्या मसाल्यात तिला दगडफूल फार लागते. तो दरसाल हमीदभाईंकडे जातो, त्यांच्याकडे बगारा बैंगनात घालतात. म्हणून तर त्यांच्या नाकाला ओळख पटली. यंदाचाही पोचवायचा होता, पण चष्म्यामुळे तिला जिना उतरवेना म्हणून राहिला. देवाची कृपा.

ता. क. २ काल तुमचा खरा तंबाखू ओढून पाहिला. जीभ सोलून निघाली आणि इंदूने मला गच्चीवर पाठवले. तेव्हा मुख्य विनंती अशी की, यापुढे तंबाखू न पाठवता मसाल्याचेच दोन डबे पाठवावेत, जमल्यास तीळ वगळून. वहिनींना म्हणावे, आमच्याकडे आमटी फार होते.

ता. क. ३ इंदू आत्ताच म्हणाली की ऑपरेशन झाल्यापासून दादाची पत्रे वहिनीच वाचून दाखवतात. एवढे सगळे पुन्हा लिहिणे आता माझ्याने होणार नाही. वहिनी, साष्टांग नमस्कार. या घरात तुमचा मसाला चिमटी चिमटीने, डोळे मिटून संपवणारा निदान एक माणूस आहे, एवढे लक्षात असू द्या.